दहा पितळी माइक आणि अप्पांची टाळी

अप्पा कुणाच्याही घरात शिरले की बसायच्या आधी एकदा टाळी वाजवायचे. एकच, पण मोठी. मग मान जरा कलती करून ऐकायचे आणि त्यानंतर कुठे बसायचं ते ठरवायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, पाहुणे टाळी वाजवून चहा मागतायत. ती आतूनच म्हणाली, "काय माणूस आहे!" अप्पांनी ते ऐकलं. "वहिनी, चहाची घाई न्हाई," ते म्हणाले. "तुमची खोली लई घुमती. त्या भिंतीला एक गोधडी टांगा, मग बगा, नवऱ्याचं बोलणं निम्मं टोचंल." बायकोने दुसऱ्याच दिवशी गोधडी टांगली. ती अजून तिथेच आहे. टोचण्याचं प्रमाण निम्मं झालं का, ते मी तिला विचारलेलं नाही.

पाटोद्याच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्याचं दुकान होतं. पूर्ण नाव महालिंगअप्पा, पण ते पाटीवरच. वडिलांच्या काळात दुकानाच्या मागच्या खोलीत भोंगे आणि माइक भाड्याने मिळत. ते दिवस गेले, पण अप्पांचा कान तिथेच तयार झालेला. तांब्या असो की तपेलं, नखाने टिचकी मारल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. "ऐका. भांडं सोता सांगतंय, मी कशाला बोलू?" घाईतलं गिऱ्हाईक तोवर शेजारच्या दुकानात गेलेलं असायचं.

मी मोजणी खात्यात. माझ्या हातून एक आकडा चुकला तर दोन भावांत बांधावरून डोकी फुटतात, म्हणून प्रत्येक माप मी दोनदा घेतो. अप्पांना याची मोठी गंमत वाटायची. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "मोजणीदार, तुमी डोळ्यानं मोजता, मी कानानं मोजतो. तुमाला टेप लागतो, मला न्हाई." हे ते इतक्या खात्रीने म्हणायचे की पुढे जे झालं ते मला जास्तच लक्षात राहिलं.

शेजारच्या गावात मारुतीबा नावाचे धनगर होते, अप्पांपेक्षा सात वर्षांनी मोठे. बिरोबाच्या ओव्या त्यांच्याइतक्या कुणाला येत नव्हत्या. त्यांच्या मुलांना तुकडे येत, अखंड ओवी एकालाही येत नव्हती. त्या वर्षी मारुतीबांना खोकल्याने धरलं होतं, आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळे गेवराईकडे, गोदाकाठाला निघणार होते. ते चार-सहा महिने परतत नसत. अप्पांनी ठरवलं की निघायच्या आधी ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या. मी मोबाइल घेऊन सोबत गेलो.

मारुतीबांनी मोबाइलकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. "ह्याच्यात बोलतेत. गातेत व्हय कुटं?"

"मग कशात गाशील?" अप्पांनी विचारलं.

"जत्रंत गायलतो तसल्यात. तुज्या बापाचा हुता बग, चकचकीत, गोल, बरगड्यावाला. तो म्होरं आला की आपसूक छाती भरून यायची. कुटं हाय तो?"

परतीच्या वाटेवर, माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, अप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "मोजणीदार, तो माइक मीच मोडीत घातला. आता मीच करून देतो."

आतलं यंत्र नवं, अंगठ्याएवढं, पुण्याहून मागवायचं. बाहेरचं अंग जुन्या घाटाचं आपण करायचं. अप्पांच्या गोदामात पितळी पेले पडून होते, स्टील आल्यापासून कुणी न विचारलेले. दोन पेले तोंडाला तोंड लावून जोडले की नेमका तो गोल आकार येत होता. पुढच्या पेल्याला उभ्या खाचा पाडायच्या, आतून पिठाच्या चाळणीची जाळी लावायची, जोडावर एक कडं आणि खाली उभं राहायला बूड. कडं आणि बूड लेथवर होणार, म्हणून आम्ही मांजरसुंब्याला रफिकभाईंकडे गेलो. ट्रकचे सुटे भाग दुरुस्त करणारा हा माणूस. त्यांनी माझं रेखाचित्र उलटसुलट पाहिलं.

"एक नग? एका नगासाठी मशीन न्हाई लावत मी. दहा आना."

"दहा माइक घेऊन काय करू बे?"

"ते तुमी बगा, अप्पा. मी पानं फिरवतो, माणसं न्हाई."

अशी आमची मंडळी जमली. मी वहीत एक ते दहा आकडे घातले आणि अप्पा गावभर फिरले. मंगल कार्यालयाच्या मालकाने तीन घेतले. मुख्याध्यापकांनी एक, झेंडावंदनासाठी. सलूनवाल्याने दोन, आरशासमोर शोभेला. एका वकिलाने टेबलदिवा करायला एक मागितला; अप्पांचा चेहरा पडला, पण आकडा भरत होता म्हणून नाव घेतलं. भजनी मंडळाने एक घेतला आणि मारुतीबांचा एक. नऊ झाले आणि यादी अडली. चार दिवस नऊच. शेवटी माझ्या बायकोने वही ओढून दहाव्या आकड्यासमोर स्वतःचं नाव लिहिलं. कशाला हवा, विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला जेवायला हाक मारायला."

पेले निवडायचं काम अप्पांनी कुणाला करू दिलं नाही. गोदामात पाटावर बसून प्रत्येक पेल्याला टिचकी मारत ते ऐकत होते. मी मोजत होतो: एकशे बारा पेल्यांतून त्यांनी वीस काढले. सगळ्यात खणखणीत वीस. "ह्याच्यापेक्षा चांगला माल मराठवाड्यात घावायचा न्हाई," ते म्हणाले. मी वीसही पेल्यांचा व्यास दोनदा मोजला. रफिकभाईंनी कडी अशी बसवली की दोन पेल्यांमधून केसही जाऊ नये.

मेंढरं निघायला तीन दिवस उरले होते. आम्ही माइक घेऊन मारुतीबांच्या गावी गेलो; रफिकभाईही दुकान बंद करून आले. अप्पांनी देवळात टाळी वाजवली, "घुमतंय." शाळेच्या पत्र्याच्या खोलीत वाजवली, "हे तर बोंबलतंय." शेवटी मारुतीबांच्या घरामागे कडबा आणि लोकर भरलेल्या खोलीत टाळी वाजवली. टाळी परत आलीच नाही. "हितं," अप्पा म्हणाले.

मारुतीबांनी माइक पाहिला. फेट्याच्या शेवाने त्याची बरगडी न् बरगडी पुसली, सरळ बसले, आणि खरोखरच छाती भरून गायला लागले. पहिलाच सूर असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. मग त्यांनी श्वास घ्यायला सूर सोडला, पण माइकने सोडला नाही. माइक मी मोबाइलला जोडला होता; माझ्या कानावरच्या हेडफोनमध्ये मागे नुसतं टणणण चालू राहिलं. प्रत्येक ओळीला तेच. मी हेडफोन अप्पांना दिला. त्यांनी ऐकलं आणि ते मटकन कडब्यावर बसले.

रफिकभाईंनी पण ऐकलं. "अप्पा, माइक न्हाई, घंटा बनवली तुमी. दहा घंटा."

कुणी हसलं नाही. अप्पा हातातल्या हेडफोनकडे बघत म्हणाले, "सगळा जलम खणखणीत माल निवडला मी. हितं मुका पाहिजे हुता, आन् मी निवडून निवडून बोलका आनला." मग माझ्याकडे वळले. "तुमी तरी बोलायचं, मोजणीदार."

"मी व्यास मोजला," मी म्हणालो. खरं तेच होतं. वीस पेल्यांचे चाळीस आकडे माझ्या वहीत होते आणि त्यांतला एकही चुकीचा नव्हता.

पुन्हा पेले निवडायचे, खाचा पाडायच्या, मांजरसुंब्याला जायचं, तर किमान आठ दिवस. हातात तीन. मारुतीबांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "झालं काय?" अप्पांनी सांगितलं, मारुतीबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"येवढंच व्हय? पालावर पाऊस वाजाय लागला की आमी वर घोंगडं टाकतो. थेंबाचा आवाज बंद. लेकरं झोपत्यात." आणि खांद्यावरच्या घोंगड्याची कड त्यांनी मेंढरं कातरायच्या कात्रीने कापून अप्पांपुढे धरली. "घाल ह्याच्या पोटात."

रफिकभाईंनी कडं ठोकून सैल केलं. मागच्या पेल्यात घोंगडं आतून फिरवून बसवलं, पुढच्यात खाचांपुरती जागा सोडून. अप्पांनी माइकला टिचकी मारली. ठप्प. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, बद्द आवाज ऐकून त्यांचा चेहरा फुलला. "मेला एकदाचा!" ते ओरडले, आणि मग सगळेच हसलो, मारुतीबा सगळ्यांत जास्त.

तीन दिवसांत चौदा ओव्या झाल्या. प्रत्येक ओवीच्या आधी अप्पा टाळी वाजवून खोली तपासायचे. मी म्हणालो, खोली तीच आहे, काल तपासली आहे. ते म्हणाले, "कडबा कमी झालाय. मेंढरं खात्यात. तुमी माप दोनदा घेता, ते चालतं व्हय?" बाकीच्या नऊ माइकनाही पुढे घोंगडं लागलं. वकिलाच्या दिव्यालासुद्धा अप्पांनी ते लावून दिलं, गरज नसताना.

गेल्या वर्षी अप्पा गेले. दुकानात गादीवर बसल्या बसल्याच गेले. नंतर त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. वडिलांचा आवाज कुठे मिळेल का, विचारत होता. मी सगळं ध्वनिमुद्रण शोधलं. गावभराच्या आवाजाची काळजी वाहणाऱ्या या माणसाचा एक शब्दही त्यात नव्हता; अप्पांनी टाळीला हात उचलले की मी बटण दाबायचो आणि ओवी संपली की बंद करायचो. फक्त दर ओवीच्या तोंडाशी एक टाळी होती. चौदा ओव्या, चौदा टाळ्या. दोनदा मोजल्या.

भजनी मंडळातल्या एकाने मला सुचवलं, सुरुवातीचा तो आवाज कापून टाका, ओवी स्वच्छ होईल. जादा आकडा मी कागदावर राहू देत नाही, तरी हा राहू दिला.

मारुतीबा अजून आहेत. गाता येत नाही, पण खोकला घेऊन मेंढरांमागे जातात. या हिवाळ्यात गेवराईच्या पुढे त्यांच्या पालावर मी गेलो होतो. नातवाने मोबाइलवर ओवी लावली. टाळी वाजली. मोबाइलला नाक मुरडणारे मारुतीबा लगेच सावरून बसले, आणि अंथरलेल्या घोंगड्यावर बाजूला सरकत नातवाला म्हणाले, "सरक जरा. अप्पा आलाय, बसू दे त्येला."