तीन नंबरवरची गोळी

नॉर्मन थ्रेल्फॉलच्या घरात राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या नऊ रायफली होत्या. दहावी ठेवायची कुठे, यावरून बायकोशी, आयरीनशी, त्याची रोज वाजायची. शेवटी तिनेच तोडगा काढला.

"तुझ्या नेमबाजी क्लबच्या स्पर्धेत मीही उतरते. तू जिंकलास तर आण दहावी. मी जिंकले तर मी म्हणेन ती घराबाहेर."

नॉर्मन पोट धरधरून हसला. इंग्लंडातल्या लँकशरमध्ये, क्लबच्या माळावर तो चाळीस वर्षं चांदमारी करत होता. नवख्यांना पहिला धडा तोच द्यायचा: चाप ओढण्याआधी निशाणाचा नंबर वाचा. त्याने तिला नवांतलीच एक मार्टिनी-हेन्री रायफल दिली, दोघांची काडतुसं स्वयंपाकघरात बसून स्वतः भरली आणि वर न मागितलेला उपदेशही केला.

दोघं शेजारी शेजारी पालथी पडली. नॉर्मन दोन नंबरच्या निशाणावर, आयरीन तीनवर. शेवटची एकेक गोळी उरली तेव्हा नॉर्मनसाहेब तीन गुणांनी पुढे होते. काडतुसांतल्या काळ्या दारूचा धूर हलायला तयार नव्हता. त्याने डोळे पुसले, नेम धरला आणि बार काढला.

निशाणांखालच्या खंदकात बसून गुण दाखवणाऱ्या लोकांनी निशाणं खाली घेऊन परत वर केली. दोनवर काही नाही. तीनवर अगदी मधोमध भोक. पाच गुण.

धुरात नॉर्मनने नंबर न वाचताच चाप ओढला होता. ते भोक त्याचं होतं. आयरीनची गोळी गवतात गेली असणार. आत्ता तोंड उघडलं तर नियमाप्रमाणे ती गोळी बाद, दोघांनाही शून्य, म्हणजे जिंकला तोच. फक्त चारचौघांत कबूल करायचं, की मास्तरांनी बायकोच्या निशाणावर गोळी घातली. चाळीस वर्षांची मिजास आडवी आली. तो पडल्या पडल्या रायफल पुसत राहिला.

क्लबचा सेक्रेटरी डेरेक हसत आला. "काय रे, बायकोने नाक कापलं की तुझं!"

"अरे, शिकवलं कोणी तिला?" नॉर्मन मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला.

डेरेक कप आणायला वळला, तशी आयरीनने मूठ उघडली. आत न उडालेलं काडतूस.

"तूच भरलेलं. फुसकं निघालं. ते सांगायला मी हात वर करणार, तेवढ्यात निशाण वर आलं. म्हटलं, बघू तरी हा काय बोलतो."

"अगं, पण..."

"आणि मी एकही रायफल काढायला लावणार नव्हते. आज पहिल्यांदा तुझ्या शेजारी पडून मजा आली, वेड्या. आता डेरेकला मी सांगू, की तू?"

नॉर्मनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गुडघे झटकत उठला. टेबलाभोवती वीसेक जण चहा पीत होते, निम्मे त्याचेच चेले.

"डेरेक, कप ठेव खाली. ती गोळी माझी होती."

हशा ओसरायला बराच वेळ लागला. डेरेक डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे मग जिंकलास की तू!"

"कपावर नाव तिचंच लिही," नॉर्मन म्हणाला. "मला दहावी नको."