सापुताऱ्याच्या घाटातली पुढची सीट

आबा अंगणात शिरण्याआधी खाकरतात. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. ते खाकरले की आई आणि काकू पदर पुढे ओढतात, बाजेवर बसल्या असतील तर खाली उतरतात, आणि चाललेलं बोलणं तिथल्या तिथे थांबतं. अमळनेरकडच्या आमच्या गावात याला जुलूम कुणी म्हणत नाही, रीत म्हणतात. मोठ्या दिराशी भावजयीनं बोलायचं नाही, त्याच्यापुढे बसायचं नाही, तोंड दिसू द्यायचं नाही. काही सांगायचंच झालं तर मध्ये एक लेकरू लागतं. आमच्या घरात ते लेकरू म्हणजे मी.

आबा ओट्यावर, आई दारामागे. "आबाले इचार, चहा लेतस का." आबांनी ते ऐकलेलं असायचं, तरी मी विचारायची. "तिले सांग, साखर कमी टाक." आईनंही ते ऐकलेलं असायचं, तरी मी सांगायची. लहानपणी मला या कामाचा अभिमान होता. माझ्याशिवाय घर चालत नाही, असं वाटायचं.

बारावीनंतर मला धुळ्याच्या कॉलेजात घालायचं हे आबांनीच ठरवलं. वडील नको म्हणत होते. माझी पेटी आबांनी स्वतः उचलली आणि होस्टेलच्या दारापर्यंत आणून दिली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी आबांना वाईट माणूस ठरवू नये. मी त्यांना वाईट म्हणत नाही. मी रीतीला वाईट म्हणते.

गेल्या हिवाळ्यात भाऊबंदांनी शनिवार-रविवारची सहल काढली. आधी सापुतारा, मग डांगच्या जंगलातून खाली उतरून तिथल नावाच्या गावचा समुद्र, आणि सुरतवरून नवापूरमार्गे घरी. आईनं समुद्र पाहिलेला नव्हता. सहलीसाठी तिनं काही मागितलं नाही. फक्त दशम्या भाजताना मला म्हणाली, "समुद्र दखाले भेटी ना वं?"

गाडीत कोण कुठे बसेल हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. पुढे पुरुष, मागे बायका. आबा दाराजवळच्या पहिल्या सीटवर, त्यांच्यासमोर मोठी काच. आई सगळ्यात मागे, चाकावरच्या सीटवर. आईला गाडी लागते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. साक्री, पिंपळनेर मागे पडलं, चढण सुरू झाली, आणि तिनं पदराच्या आतच पिशवी तोंडाला लावली. बाहेर डोंगर निळे होत होते. ते ती पाहत नव्हती.

पुढून आबांनी मला विचारलं, "मांगे काय व्हयनं?"

आई कुजबुजली, "सांग, काही नही."

"काही नही म्हणस," मी सांगितलं. आयुष्यभर जसं सांगत आले, तसंच.

सापुताऱ्याला दरीच्या कठड्यापाशी बायका उभ्या होत्या. खाली गावं दिसत होती, ऊन पसरलं होतं. आईचा चेहरा जरा उजळला होता. तेवढ्यात मागून खाकरणं आलं. सगळ्यांनी पदर ओढले, दरीकडे पाठ केली आणि बाजूला झाल्या. आबा आणि बाकीचे पुरुष कठड्याशी आले. दरी त्यांची झाली. आई एका मक्याच्या गाडीआड उभी राहून कणसं पाहत होती. मला तिथे काहीतरी बोलायचं होतं. बोलले नाही. वर्गातही असंच होतं माझं. उत्तर येत असतं, हात वर जात नाही.

रविवारी सकाळी वघईकडे उतरायचं होतं. ड्रायव्हर म्हणाला, आता वळणं जास्त आहेत. आईचा चेहरा गाडीत चढण्याआधीच उतरला. आबांच्या बाजूची पहिली सीट रिकामी होती, तिथे नुसती दशम्यांची पिशवी ठेवलेली होती. ती मी उचलली.

"आई, आठे बस."

"येडी व्हयनी का? त्यास्ना पुढे कशी बसू?"

मोठी माय, म्हणजे आबांची बायको, मागून म्हणाली, "कॉलेजमा हाईच शिकाडतस का वं? जेठले मांगे आनि भावजईले पुढे?"

दोघीतिघी हसल्या. वडिलांनी फोन काढला आणि त्यात पाहत बसले. आई दारात, पायरीवरच थांबली. तिच्यामागे लोक खोळंबले.

आबा खिडकीबाहेर पाहत मला म्हणाले, "तिले इचार, काय पाहिजे."

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. "आबा, मी नही इचारसू. ती आठेच शे."

ज्या माणसानं माझी पेटी उचलली होती, त्याला मी नाही म्हणत होते. आणि आईला तर मी विचारलंही नव्हतं की तिला हे हवंय का. तिनं "मी जास मांगे" म्हटलं असतं, तर मी काय करणार होते?

पदराच्या आतून आवाज आला. "मी पुढे बसस."

बसू का, असं तिनं विचारलं नाही. एवढंच बोलून ती बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून आबांना उद्देशून तिचं हे पहिलं वाक्य होतं. घरात रोज ऐकू येणारा आवाज, पण आबांनी मान अशी हलवली, जणू तो त्यांना अनोळखी होता. मग ते उठले, मागे गेले आणि आईच्या जागेवर, चाकावर बसले.

"आते बरं वाटनं का तुले?" मोठी माय मला म्हणाली.

मी म्हटलं, "हा," आणि आबांच्या रिकाम्या सीटवर आईशेजारी बसले.

घाट सुरू झाला. समोरच्या काचेतून साग येत होते, बांबू येत होता, वळणावर एकदम आकाशच यायचं. आईनं दोन्ही हातांनी दांडा धरला होता. पदर कपाळापर्यंत सरकला होता. "हाई बठ्ठं आसंच व्हतं का काल?" तिनं विचारलं. काल मागे बसून तिला ह्यातलं काही दिसलं नव्हतं.

निम्म्या घाटात मागून उलटीचा आवाज आला. आबा होते. चाकावरच्या जागेनं त्यांनाही सोडलं नाही. कुणी हसलं नाही, पण मोठी माय माझ्याकडे अशी पाहत होती की जणू मीच ते वळण बांधलं होतं. आईनं पिशवीतून लिंबू काढलं, दातानं फोडलं आणि सवयीनं माझ्यासमोर धरलं. "आबाले दे."

मी हात मांडीवरून हलवले नाहीत.

तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं. खरंच रागानं. मग उठली, सीटा धरत धरत मागे गेली, आणि लिंबू त्यांच्या शेजारी ठेवलं.

"चोखा," ती म्हणाली.

आबांनी मान वर केली नाही. लिंबू उचललं आणि म्हणाले, "बरं."

गावात आता सगळे म्हणतात की धुळ्यानं पोरगी बिघडवली. आबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. होस्टेलला सोडायला ते या वेळी आले नाहीत, पेटी मीच उचलली. मला याचं वाईट वाटतं. पण निरोप नेण्याचं काम मी पुन्हा करणार नाही. दारामागून आईनं अजूनही कधी "आबाले सांग" म्हटलं, तर मी ऐकते आणि जागची हलत नाही.

तिथलची वाळू काळी आहे. त्या रविवारी दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा वारा सुटला होता. बायका पाण्याच्या कडेला ओळीनं उभ्या होत्या, पाय ओले करत. आईचा पदर वाऱ्यानं खांद्यावर पडला होता. ती समोर पाहत होती.

मागून आबा खाकरले. ओळीतल्या बाकीच्या बायकांनी पदर ओढले आणि पाण्याकडे पाठ केली.

आईनं ते ऐकलं. मी शेजारीच होते, तिचा हात खांद्यापर्यंत गेलेला मी पाहिला. तिनं पदर कमरेला खोचला आणि आणखी एक पाऊल पाण्यात टाकलं.