मावशीने लावलेला आकडा

आमच्या चर्चमध्ये फळ्यावर त्या दिवशी गायच्या गीतांचे आकडे लावायचं काम शिंपीणमावशीचं. मुलगा गेला तेव्हा तिने त्याच्या अंत्यविधीला फळा कोराच ठेवला आणि वर्षभर देवाशी अबोला धरला. तरी दर रविवारी गाल फुगवून पहिल्या बाकावर हजर. पुढे नवरा सहा वर्षं अंथरुणाला खिळला. शिलाई मशीन चालवता चालवता ती त्याच्याशी बोलायची, देवाशी भांडायची. परवा नवराही गेला.

अंत्यविधीला फळ्यावर ईस्टरला गातात त्या पुनरुत्थानाच्या आनंदगीताचा आकडा पाहून पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मावशी, आकडा चुकला वाटतं."

"तीस वर्षं लावतेय. आज बरी चुकेन?"

ऑर्गनवाला घुटमळला. मावशीने शवपेटीवर हात ठेवला आणि खड्या आवाजात पहिली ओळ उचलली. दुसऱ्या ओळीला आम्ही सगळे उभे होतो.