बटण ऐकणाऱ्याच्या हाती

आदरणीय गंगाधर कदम सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, आणि गौरवग्रंथासाठी चार ओळी लिहायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मी सोनपेठचा लाऊडस्पीकरवाला. आयुष्य भोंगे बांधण्यात गेले, त्यात स्वभाव धास्तीचा. सांभाळून घ्यावे.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवत. पहिल्यांदा दुकानात आले ते बिघडलेला रेडिओ मागायला. "चालू रेडिओ कुणीही ऐकतो," म्हणाले, "मला दोन स्टेशनांच्या मधली खरखर पाहिजे." तशा खरखरी, शिट्ट्या, घरघरी ते टेपवर जोडत बसत. ना ताल, ना सूर. त्याला ते संगीतच म्हणत.

स्नेहसंमेलनात त्यांनी ते पहिल्यांदा ऐकवले. लोक पाव तास शांत बसले. मग सरपंच उठून प्रेमाने म्हणाले, "मशीन नीट लागंना का, सर? लागू द्या सावकाश, आमी थांबतो." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सरांनी मात्र वही काढून ते वाक्य जसेच्या तसे उतरवले. ऐकणाऱ्याला काय वाटले ते विचारायचे आणि त्यात काना-मात्रेचा फरक न करता लिहायचे, ही त्यांची रीत.

पुढे पेडगावच्या शाळेने बोलावले. दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. गावोगाव तणाव, आणि भोंग्यातून काही वेडेवाकडे गेले तर काय होईल या काळजीने मला घास उतरेना. "भजनाची कॅसेट लावू," मी विनवले. सर म्हणाले, "लोक घाबरले तर त्यांनाच विचारू." याने माझी भीती वाढलीच.

पाच मिनिटांत खरखर चढली आणि धुरपदाबाई उठल्या. दंगलीत त्यांची वस्ती जळाली होती. तेव्हापासून त्या पेडगावात बहिणीकडे राहत. "बंद करा," त्या म्हणाल्या. "आमच्या पत्र्यावर असेच धोंडे पडत होते."

मी आवाज बारीक केला. मागून कुणी ओरडले, "म्हातारीला कामून भ्या दाखवायलाव?" दहा-बारा जण उभे राहिले. आता भोंगे फुटणार आणि सरांना मार बसणार, एवढेच डोक्यात होते.

सर खाली उतरले, बाईंसमोर जमिनीवर बसले आणि हात जोडले. मग मला अँप्लिफायर तिथे आणायला लावला. "बाई, चूक माझी. हे बटण तुमच्या हाती. वाटेल तेव्हा बंद करा."

बाईंनी लगेच बंद केले. मी वायर गुंडाळायला लागलो. तर खरखर पुन्हा सुरू! बाईंनीच बटण फिरवले होते. परत बंद केले. तिसऱ्यांदा सुरू केले ते टेप संपेपर्यंत. उभी माणसे एकेक करून खाली बसली.

"काय लिहू, बाई?" सरांनी वही उघडून विचारले.

"लिव्हा, धोंडे पडायलेत," त्या म्हणाल्या. "पर ह्या बारीला बंद करता आलं."

त्यानंतर सरांनी ऐकणाऱ्याच्या हाती बटण दिल्याशिवाय टेप कधी लावली नाही.

यंदा सरांच्या छातीत दोनदा दुखले, आणि माझा घास पुन्हा अडला आहे. समारंभात तीच टेप लागणार, आणि बटण माझ्या हाती देणार, असे सर म्हणतात. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. वहीची बरीच पाने अजून कोरी आहेत. सर, माझ्या हातून ते बटण बंद होणार नाही.