मापाबाहेरचं देवघर

मंडळी, आज सकाळी पूजा आटोपून मी मोजपट्टीचं एक टोक धरून घरभर फिरत होतो. इथे जर्मनीत घर उबदार ठेवायला किती ऊर्जा लागते, याच्या दाखल्यासाठी एक जर्मन बाई मापं घ्यायला आल्या होत्या.

आमचे देव तळघरातल्या खोलीत. वर अगरबत्ती लावली की धुराचा अलार्म कोकलतो, म्हणून मीच त्यांना खाली नेलं होतं.

देव दिसताच बाईंनी आवाज हळू केला. "इथे हीटर नाही?"

"नाही."

"मग ही खोली मापात येत नाही. आमच्या हिशेबाने ती घराबाहेर."

मागून बायको म्हणाली, "अहो, मी कधीची सांगतेय! स्वतः स्वेटर घालून पूजा करता आणि देव बसलेत गारठ्यात."

मी ते बाईंना जर्मनमध्ये सांगितलं. त्या हसल्या, वर आल्या आणि दिवाणखान्यातल्या एका भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही आतली भिंत. घरात सगळ्यात उबदार."

त्या परक्या बाईंचे किती आभार मानू? तुमच्याकडे देव कुठे बसतात हो?

अगरबत्ती आता बाल्कनीत. संध्याकाळचा दिवा मात्र आज त्याच भिंतीपाशी, देवांसमोर लावला.