शेवाळवाले सर

घाण पाण्याचा भाव विचारणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. भवानीनगरला माझं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. मोटार चालवून बघायला बाहेर सिमेंटची टाकी, तिचं पाणी कायम हिरवं. बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर तिच्यात वाकून म्हणाले, "बाटलीभर द्याल? काय घ्याल?"

"सर, टाकी धुऊन द्या, वर चहा पाजतो."

ते खरंच बाह्या वर करू लागले.

सरांना घासाघीस येतच नसे. भाजीवाली सांगेल तो भाव द्यायचे. मी अंथुर्ण्यात लोकांचे पाइप वाहून, जिथंतिथं भांडून वर आलेला. मला ते सहन होत नसे. "सर, जरा तरी भांडा की!" म्हटलं, तर म्हणत, "तिनं विचार करूनच सांगितला असेल ना."

एकदा त्यांनी मला कॉलेजच्या खोलीत नेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. हिरवे ठिपके पळत होते. सर सांगू लागले, "एकेक पेशी म्हणजे अख्खा जीव. भोवती भिंत, पुढे दोन शेपट्या. जोडी जमवताना या पेशी एक रस सोडतात, त्यानं भिंत विरघळते. तो रस मी दुसऱ्यांवर टाकतो. त्यांचीही भिंत जाते, पण त्या मरत नाहीत. लगेच नवी बांधायला घेतात."

"आमच्या गल्लीत भिंत पडली तर आधी कोर्टात जात्यात," मी म्हणालो. "पर सर, ह्यास्नी डोळं न्हाईत, मेंदू न्हाय. भिंत गेली हे कळतं कसं?"

सरांनी माझा हातच धरला. "हेच तर मी शोधतोय! अंगावरचा ताण बदलतो म्हणून कळतं, की भिंतीचे तुकडे पाण्यात लागतात म्हणून? वर्गात कुणी विचारत नाही हो."

मग कॉलेजला ती खोली कॉम्प्युटरसाठी हवी झाली. सरांच्या शेवाळाच्या चंबूंना गारवा आणि सतत उजेड लागे. आमच्याकडे विजेचा भरवसा नव्हता. मी इंदापूरच्या एका ओळखीच्या डॉक्टरांची जनरेटरवाली खोली मिळवली आणि किल्ली घेऊन, टेम्पो घेऊन कॉलेजात पोचलो.

सर मोरीपाशी रिकामे चंबू विसळत होते. शेजारी घरचा प्रेशर कुकर, अजून गरम.

"जिवंत मोरीत ओतायचं नसतं," ते म्हणाले. "उकळून घेतलं सगळं. आजच खोली द्यायची होती."

माझं डोकं फिरलं. "आज? मला का सांगितलं न्हाय? एक दिवस मागून घ्यायचा!"

"मागायचा कसा?"

"मी मागितला असता की! त्या प्राचार्याच्या दारात बसलो असतो!"

सरांनी हातातला ओला चंबू पालथा घातला. मग म्हणाले, "तुम्हाला सांगावं, हे सुचलंच नाही हो."

निवृत्त होऊन ते गाव सोडून गेले. आता तर ते नाहीतच. भवानीनगरात ज्याच्याशी भांडलो नाही असा माणूस मिळणार नाही, पण माझं खरं भांडण त्या एका वाक्याशी आहे. त्यांच्यासाठी भांडायला मी आयता तयार होतो, आणि त्यांना सुचलंच नाही.