सालीचा रंग

सुभद्राआत्या गेल्याची बातमी इंझोरीच्या गाडीवानानं मंगरूळपीरला शाळेच्या दाराशी येऊन सांगितली. मी मुलांना शुद्धलेखन घालत होतो. पुढचं वाक्य सांगून झाल्यावरच बाहेर गेलो… असं का केलं, ते आज महिन्यानंतरही मला उमगत नाही.

आत्याची इंझोरीला संत्र्यांची लहानशी बाग होती. बाकीचे लोक झाडाची पानं पाहतात, फळं पाहतात. ती साल पाहायची. रोज सकाळी प्रत्येक बुंध्यापाशी उकिडवी बसायची. राखाडी सालीवर हिरवट झाक असली की उठून पुढच्या झाडाकडे जायची. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं असताना ती लेकीकडे निघाली. जाताना म्हणाली, "बाबू, विहिरीजवळच्या झाडाची साल बुडाशी तांबूस पडून राह्यली. ध्यान ठेवजो." ते झाड तिनं वैधव्याच्या पहिल्या वर्षी स्वतः लावलेलं. मी शेतकीचं एक पुस्तक वाचलं होतं. ध्यान ठेवण्याऐवजी मी बागेतल्या सगळ्या बुंध्यांना कमरेपर्यंत चुना फासला आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

आठ दिवसांनी ती आली. बांधावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"हे काहून केलं रे?"

"रोग येत नाही आत्या. पुस्तकात आहे."

"अन् आला तं मले दिसन कसा? सारे नवरदेवच उभे करून ठेवले तुनं. आता यातला बिमार कोनता?"

ओल्या गोणपाटानं आम्ही दोघांनी दोन दिवस बुंधे पुसले. विहिरीजवळच्या झाडाचा चुना निघाला तेव्हा आतली साल काळपट, ओली झाली होती. डिंक ओघळत होता. माझी मान वर होईना. आत्या रागावली नाही. विळ्यानं सडकी साल तासत गेली, चांगली लागेपर्यंत. अर्धा बुंधा उघडा पडला. मग विळा खाली ठेवून म्हणाली, "हं, मास्तर. आता लाव तुहा चुना. इथंच, जखमेवर." झाड वाचेल का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. पुढं दरसाल मला टोपलीभर संत्री यायची. "तुह्या बिमाराची हायेत, आंबट लागली तं तूच खाय," असा निरोप सोबत असायचा.

तेराव्यानंतर आतेभाऊ नामदेव मला बागेत घेऊन गेला. तासलेल्या जागेच्या दोन्ही कडांनी नवी साल चढत आली होती. कडेला कोवळी हिरवी, मागं जून होत राखाडी. मधे उघड्या लाकडाची एक चीर तेवढी उरलेली. "माय दर सोमवारी इथं बोट ठेवून पाहे," नामदेव म्हणाला. "म्हने, माह्यं बोट मावेनासं झालं का बाबूले सांगजो, झाड बरं झालं."

मी बोट ठेवून पाहिलं. मावलं नाही… पण माझं बोट जाड आहे. तिचं अजून मावलं असतं.